नाव घ्या

मिरजेच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून माझी खोली.
टेबलावर चित्रांचे पत्ते: कप, किल्ली, छत्री, बैल.
समोर सातगोंडा पाटील, राहणार हरिपूर,
तीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळदीचे सौदे पुकारलेला माणूस.
उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

घसा तपासून झालाय. स्वरपट्ट्या ठणठणीत.
जीभ टाळूला लागते, दातांना लागते,
ओठ मिटतात, उघडतात.
छातीतला भाता अजून गाळ्याच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकवेल असा.
बिघाड वर आहे, डाव्या कानशिलाच्या आत,
सुपारीएवढी जागा,
जिथं चैत्रातल्या एका पहाटे रक्त पोचलं नाही.

मी छत्री दाखवते.
तो बघतो. ओळखतो. हसतोसुद्धा.
डाव्या हातानं उघडून डोक्यावर धरून दाखवतो.
मग तोंड उघडतो आणि म्हणतो,
"साडेसात."
लगेच डोळे मिटून घेतो.
चुकलं ते त्याला ऐकू येतं.

मी म्हणाले, सात हजार.
तर पाठीचा कणा ताठ झाला त्याचा,
सात हजार शंभर, दोनशे, दोनशे, अडीचशे,
बोला, तीनशे, साडेतीनशे, बोला, बोला,
बाहेर बाकावरची माणसं उठून दारात आली,
नर्स ट्रे घेऊन तशीच थांबली,
आकडे घसरत गेले एकामागं एक, उतारावरच्या बैलगाडीसारखे,
आठ हजारावर गाडी थांबली.
घामेजला. तहान लागली.
आणि पाणी हा शब्द काही केल्या येईना.

हरिपुरात जमिनीखाली पेवं असायची.
हळद आत वर्षानुवर्षं, किडीविना, ओलीविना.
पण तोंड उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
आधी कंदील सोडायचा दोरीनं.
विझला, तर वर बसून राहायचं,
विडी ओढायची, गप्पा मारायच्या, आतली हवा पालटेपर्यंत.
हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं, मैनाबाईंनी,
तिसऱ्या गुरुवारी, मी घाई करत होते तेव्हा.

त्याच दिवशी सवयीनं मी त्यांच्याकडं बोट केलं
आणि त्याला म्हणाले, नाव घ्या.
चाचणीतला शब्द आहे तो, रोज वीसदा म्हणते मी.
बाईंनी पदर तोंडाला लावला.
"अवो बाई, पस्तीस वर्षांत घेतलं न्हाई त्यांनी.
ऐकलीस काय, एवढंच.
येत हुतं तवा बी न्हाई घेतलं."

त्याचे ओठ मिटले.
म. बाळांना सगळ्यात आधी येतो तो म.
नाकातून नुसता सूर आला, लांब, थरथरत,
मैनाबाई पुढं वाकल्या,
पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.
"बारा," तो म्हणाला.
"बारा हजार."
"औंदा आठानं गेलीया हळद," त्या म्हणाल्या,
आणि खिडकीकडं बघत राहिल्या बराच वेळ.

पुढच्या गुरुवारी मी पत्ते काढलेच नाहीत.
त्यांनीच पिशवीतून हळकुंडं काढली मूठभर,
यंदाची, घरची, परसात शिजवलेली.
त्यानं एक उचललं. नाकाशी नेलं.
डाव्या मुठीत धरून टेबलाच्या कडेवर मोडलं,
कान लावून मोडलं,
आतला रंग उजेडात धरला,
तोंड वाकडं केलं,
"कच्चं," म्हणाला.

खोलीत कुणी हललं नाही.
मग मैनाबाई कडाडल्या,
"कच्चं? मी सोता उभी हुतो कायलीपाशी! कच्चं कसं असंल?"
"कच्चं," तो. आता जरा मोठ्यानं.
"जळालं तुमचं त्वांड," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या,
आणि तो मान हलवत राहिला, कच्चं, कच्चं,
पाच महिन्यांनंतरचं त्यांचं पहिलं भांडण.

मी फाइलीत वेळ लिहून ठेवली.
अकरा वाजून दहा मिनिटं.